हिवाळ्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांचे एक मागणे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हिवाळा सुरू झाला की सायकलने कामावर जाणाऱ्यांची संख्या घटते, हे सकाळी रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिले तरी कोणालाही दिसेल. कारण विचारले तर बहुतेक जण ‘थंडी’ असे एका शब्दात उत्तर देतात आणि ऐकणाऱ्यालाही ते लगेच पटते. मी एका कार्यालयाच्या हिशेब विभागात काम करते आणि गेले ११ हिवाळे घर ते कार्यालय हे ९ किलोमीटरचे अंतर सायकलने जाते-येते. एवढ्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की, थंडीवर आपण नको तेवढा ठपका ठेवतो. थंडीचा बंदोबस्त सायकल चालवणाऱ्याला स्वतःला करता येतो. काळोखात बुडालेला रस्ता, त्या रस्त्याची न झालेली साफसफाई आणि कामाच्या ठिकाणची अनास्था यांचा बंदोबस्त मात्र त्याला एकट्याला करता येत नाही, आणि हिवाळ्यात सायकल सुटते ती मुख्यतः त्यापायी. हे म्हणणे जरा सविस्तर मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी थंडीविषयी लिहिते, कारण तिची भीती खरी असली तरी बरीचशी अपुऱ्या माहितीतून आलेली असते. पॅडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन अंगातच राहते. मध्यम वेगाने जाणारा माणूस पॅडलवर १०० वॉटच्या आसपास शक्ती लावत असेल, तर त्याच वेळी त्याच्या शरीरात सुमारे ३०० वॉट उष्णता तयार होत असते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून जेवढी उष्णता बाहेर पडते, तिच्या ही जवळजवळ तिप्पट. म्हणूनच उंबरठ्यावर ऊब वाटेल एवढे कपडे चढवून निघालेला माणूस पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच घामाघूम होतो. पुढे सिग्नलला तो थांबला की तोच घाम वाळताना अंगातली उष्णता ओढून घेतो, एका ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल एवढी, आणि मग खरी हुडहुडी भरते. हिवाळ्यात सायकलवर थंडी वाजल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांना प्रत्यक्षात स्वतःच्या ओल्या कपड्यांनी गारठवलेले असते. निघताना अंगावर किंचित काटा यावा, इतपतच कपडे घालावेत. दहा मिनिटांनी ते बरोबर पुरतात. आतला कपडा सुती नसावा, कारण सूत घाम धरून ठेवते. त्यावर लोकरीचा पातळ थर आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे पातळ जाकीट, ज्याची चेन गळ्यापाशी खाली-वर करून वाटेतच ऊब कमी-जास्त करता येईल, एवढे पुष्कळ होते.

वाऱ्याची गोष्ट निराळी आहे. हवा अगदी पडलेली असली तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार आपल्यासमोर ताशी २० किलोमीटरचा वारा स्वतःच निर्माण करतो. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीसाठी जे सूत्र वापरले जाते, त्यानुसार एवढ्या वाऱ्यात १० अंश सेल्सिअस तापमान उघड्या त्वचेला साधारण ७ अंशांसारखे, शून्य अंश हे उणे ५ अंशांसारखे आणि उणे १० अंश हे उणे १८ अंशांसारखे लागते. थंडी जितकी अधिक, तितका वाऱ्याचा हा फरक वाढत जातो. पण हा हिशेब उघड्या त्वचेचा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. वारा अडवणारा कपडा मध्ये आला की प्रश्न कान, नाक आणि बोटे यांच्यापुरता उरतो.

त्यातही बोटे सर्वांत अवघड. शरीर गारठू लागले की ते हृदय आणि फुप्फुसे यांच्याभोवतीची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या बोटांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करते. आणि सायकलवर नेमके हातच वाऱ्याच्या तोंडाशी, हालचाल न करता, हँडलला धरून राहिलेले असतात. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात मी घरी विणलेले जाड लोकरी हातमोजे घालून जात असे. एके सकाळी पुढचा ट्रक एकाएकी थांबला. मी ब्रेक दाबला, निदान मला तसे वाटले. प्रत्यक्षात बधिर झालेली बोटे मोज्याच्या आत नुसतीच वळली होती आणि ब्रेकच्या दांडीपर्यंत पोहोचलीच नव्हती. दुसऱ्यांदा सगळा पंजा आवळला तेव्हा सायकल थांबली, आणि पुढचे चाक व ट्रकची मागची फळी यांच्यात हातभर अंतर उरले होते. त्या दिवसानंतर मी आत लोकरीचे पातळ आणि वर वारा अडवणारे, असे दोन मोजे घालते. ते पुरेसे पातळ आहेत की नाहीत, हे मोजे न काढता सायकलच्या कुलपात किल्ली घालून पाहते. किल्ली फिरली नाही तर तो मोजा माझ्या दृष्टीने सायकलसाठी निरुपयोगी. एवढे करूनही पहिली दहा मिनिटे बोटे दुखतात, मग त्यांत मुंग्या येतात आणि त्यानंतर ऊब येते. ती दहा मिनिटे सोसावीच लागतात, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याला आधीच सांगितलेले बरे. नाहीतर तो पाचव्या मिनिटाला घरी परततो.

ज्यांना दमा आहे त्यांनी मात्र थंडीला हलके लेखू नये. थंड आणि कोरडी हवा जोरजोराने आत घेतली की श्वासनलिका आकसू शकतात. तोंडावर मफलर घेऊन, नाकाने श्वास घेत, पहिला किलोमीटर अगदी सावकाश जाण्याने पुष्कळांना आराम पडतो, तरी डॉक्टरांना विचारून मगच ठरवावे.

सायकलकडेही हिवाळ्यात थोडे निराळे पाहावे लागते. २० अंशांच्या खोलीत टायरमध्ये ६० पीएसआय हवा भरली आणि बाहेर शून्य अंश असेल, तर टायरमध्ये साधारण ५५ पीएसआय दाब उरतो. पंक्चर नसताना टायर मऊ का लागतो, याचे कारण हेच. ओल्या रिमवर ब्रेक पहिल्या फेऱ्यात नुसता पाणी पुसतो आणि त्यानंतर धरतो, म्हणून दव पडलेल्या सकाळी ब्रेक थोडा आधी लावावा. चेनला तेल देण्यापूर्वी ती कोरड्या फडक्याने पुसावी, विशेषतः जिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात तिथे, कारण मिठाचा ओलावा काही आठवड्यांतच चेन गंजवून टाकतो. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांचा आणि विजेवरच्या सायकलींचा जोर थंडीत उतरतो. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर तिची कायमची हानी होते, म्हणून ती रात्री घरातच ठेवावी. हे सर्व ज्याचे त्याला करता येण्यासारखे आहे आणि म्हणूनच त्याविषयी मी तक्रार करीत नाही.

आता अंधाराविषयी. आमच्या कार्यालयातील एक सहकारी दर वर्षी दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांत सायकल बंद करीत असत आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा सुरू करीत. थंडी सोसत नाही, असे त्या सांगत आणि आम्हीही ते मान्य केले होते. तीन वर्षांपूर्वी सहज बोलता बोलता मी त्यांना विचारले की, नेमकी कोणत्या वेळी थंडी वाजते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “सकाळी काही वाटत नाही हो. परत जाताना पुलाचा उतार लागतो ना, तिथे काही म्हणजे काही दिसत नाही, आणि मागून येणाऱ्यांना मी दिसते की नाही, तेही कळत नाही.” आमच्या वरिष्ठांनी त्यांना हिवाळ्याचे तीन महिने अर्धा तास आधी येऊन अर्धा तास आधी जाण्याची मुभा दिली. त्या वर्षी त्यांची सायकल एकही दिवस बंद राहिली नाही. सकाळी अर्धा तास आधी निघाल्याने त्यांना थंडी तर उलट जास्तच लागत होती.

हे उदाहरण एकट्या व्यक्तीचे आहे, पण त्यामागचे गणित सर्वांना लागू आहे. विषुववृत्तापासून २० अंश उत्तरेला डिसेंबरमधला लहानात लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो, ५० अंशांवर तो सुमारे ८ तासांचा होतो. कामाचे तास मात्र बाराही महिने तेच राहतात. जो माणूस जूनमध्ये लख्ख उजेडात घरी पोहोचत होता, तोच डिसेंबरमध्ये नेमका संधिप्रकाशात किंवा काळोखात रस्त्यावर असतो. आणि ही गोष्ट त्याच्या हातात नसते. शिवाय लहानात लहान दिवस उलटला की सगळे सुरळीत होते, हाही समज बरोबर नाही. उत्तर गोलार्धात सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या अयनदिनाआधीच होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर, कित्येक ठिकाणी जानेवारीत, होतो. त्यामुळे ज्यांचे काम सकाळी लवकर सुरू होते, त्यांच्या वाट्याला येणारा काळोख नवीन वर्ष लागल्यावरही काही दिवस वाढतच जातो. कारखान्यांतील पहिली पाळी, रुग्णालयांतील परिचारिका, सफाई कर्मचारी, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, यांच्यासाठी हिवाळा म्हणजे प्रामुख्याने हाच काळोख असतो आणि यांच्यापैकी अनेकांना सायकलीखेरीज दुसरे वाहनही नसते. सायकल ज्यांनी आवडीने निवडली आहे ते थंडीत दुसऱ्या वाहनाने जातील. या लोकांचे काय, हा प्रश्न चर्चेत क्वचितच येतो.

दिसण्याच्या बाबतीत आपल्याकडून काय करता येईल, याविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. भडक पिवळे किंवा भगवे फ्लोरोसंट जाकीट घातले म्हणजे आपण रात्री उठून दिसतो, असे अनेकांना वाटते. तो रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे चमकतो. दिवसा, धुक्यात आणि तिन्हीसांजेला त्याचा उपयोग होतो, पण वाहनाच्या दिव्याच्या उजेडात तो साध्या रंगासारखाच दिसतो. रात्री कामाला येतात त्या प्रकाश परतवणाऱ्या रुपेरी पट्ट्या. त्याही छातीवर लावण्यापेक्षा घोट्यांवर आणि गुडघ्यांवर लावाव्यात. छातीवरची पट्टी स्थिर असते, रस्त्याकडेचा फलक किंवा उभे वाहन वाटू शकते. घोट्यावरची पट्टी पॅडलबरोबर वर-खाली होते आणि समोर माणूस आहे, हे चालकाच्या मनाला दुरूनच समजते. पॅडलवरच्या पिवळ्या रिफ्लेक्टरचे कामही हेच आहे. ते तुटले तर बदलून घ्यायला फार तर दहा मिनिटे लागतात, पण मी पाहिलेल्या दहा सायकलींपैकी सात-आठ सायकलींवर ते नसतात. मागचा लाल दिवा तर हवाच, आणि तो कॅरिअरवरच्या पिशवीने किंवा लांब कोटाने झाकला जात नाही ना, हे दुसऱ्या कोणाकडून तरी पाहून घ्यावे. माझा दिवा असा झाकलेला राहून एक पूर्ण आठवडा मी गेले होते. शेजारच्या मुलाने सांगितले तेव्हा कळले.

परंतु सायकलस्वाराने अंगावर कितीही पट्ट्या लावल्या तरी रस्त्यावरचा खड्डा त्यामुळे दिसत नाही. सायकलवरचा दिवा पुढची काही पावलेच उजळतो. समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत डोळ्यांवर आला की पुढचे काही क्षण तीही दिसत नाहीत. चारचाकीचे चाक ज्या खड्ड्यातून नुसते दणका बसून पार होते, त्याच खड्ड्यात सायकलचे पुढचे चाक अडकले तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. हिवाळ्यात पाने गळून कडेला साचतात, त्यांच्यावर दव पडते, आणि सायकलस्वाराला वापरायला उरते ती नेमकी रस्त्याची हीच कडा. ओली पाने, गटारांवरची लोखंडी झाकणे आणि रंगाने ओढलेले पट्टे हे तिन्ही दवाने साबणासारखे निसरडे होतात. पुलावर आणखी एक धोका असतो. पुलाला वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा लागते, त्यामुळे तो बाकीच्या रस्त्याआधी थंड होतो. जिथे तापमान शून्याखाली जाते तिथे रस्ता नुसता ओला असताना पुलावर मात्र बर्फाचा पारदर्शक पापुद्रा धरलेला असतो, आणि तो डोळ्यांना ओल्या डांबरासारखाच दिसतो. ज्या ठिकाणी बर्फ धरत नाही तिथे धुके असते, आणि ते बहुधा सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे लोक कामाला निघतात तेव्हा, सर्वांत दाट होते.

या सर्वांवर उपाय आहेत आणि ते कोठे तरी अमलात आलेलेही आहेत, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करते. फिनलंडमधील औलू हे सुमारे दोन लाख वस्तीचे शहर ६५ अंश उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला २०० किलोमीटरच्याही आत आहे. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे १० अंशांच्या आसपास असते आणि डिसेंबरअखेर दिवस जेमतेम साडेतीन तासांचा होतो. थंडी आणि अंधार ही जर सायकल बंद पडण्याची पुरेशी कारणे असती, तर औलूमध्ये हिवाळ्यात एकही सायकल दिसली नसती. प्रत्यक्षात तेथे मुले बर्फातून सायकलने शाळेत जातात आणि मोठी माणसे कामावर जातात, आणि २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच शहरात भरली. याचे कारण तेथील लोक काही वेगळ्या मातीचे आहेत, असे मला वाटत नाही. त्या शहरात सायकलींसाठीचे ९०० किलोमीटरहून अधिक लांबीचे मार्ग आहेत, त्यांतील बहुतेक मोटारींच्या रस्त्यापासून वेगळे आहेत, त्यांवर दिवे आहेत, आणि लोक कामावर निघण्यापूर्वी मुख्य मार्गांवरचा बर्फ यंत्रांनी सारून झालेला असतो. सगळा बर्फ खरवडून जमीन उघडी पाडण्याचा हट्टही ते धरीत नाहीत. बर्फाचा घट्ट, सपाट थर राहू देतात आणि त्यावर बारीक खडी टाकतात, कारण कोरड्या घट्ट बर्फावर टायर धरतो. धोका वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचा असतो.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे बर्फ पडला की सायकलमार्ग मोटारींच्या रस्त्यांच्याही आधी साफ करण्याचा प्रघात आहे, आणि तेथे उन्हाळ्यात सायकल चालवणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक हिवाळ्यातही चालवतात. स्वीडनमधील कार्ल्सकूगा या गावाची गोष्ट तर मला विशेष महत्त्वाची वाटते. तेथे २०११ च्या सुमारास बर्फ हटवण्याचा क्रम तपासून पाहण्यात आला. आधी मोठे रस्ते आणि शेवटी पदपथ व सायकलमार्ग, असा जो क्रम सगळीकडे कोणी न ठरवताच पडलेला असतो, त्यात चालणाऱ्या आणि सायकलने जाणाऱ्या माणसांचा, त्यातही स्त्रियांचा, विचारच झालेला नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी तो उलटा केला: आधी पदपथ, सायकलमार्ग आणि पाळणाघरांकडे जाणाऱ्या वाटा, नंतर मोठे रस्ते. दहा सेंटिमीटर बर्फातून मोटार जाऊ शकते, पण बाबागाडी ढकलता येत नाही आणि सायकल चालवता येत नाही, असा त्यामागचा साधा विचार होता. यंत्रे तीच, माणसे तीच. फक्त कोणाकडे आधी जायचे, एवढेच बदलले.

जिथे बर्फ पडत नाही तिथेही हा विचार जसाच्या तसा लागू होतो. तिथे बर्फाच्या जागी बंद दिवे, साचलेली पाने, वाहून आलेली रेती आणि पावसाळ्यातून तसेच राहिलेले खड्डे आहेत. दुरुस्तीचा क्रम ठरवताना हमरस्त्याचा मधला भाग आधी आणि कडा सर्वांत शेवटी, असे चालते. झाडू मारणारे यंत्र मधून जाते आणि त्याने उडवलेली रेती कडेला साचते. मी कडेने जाणारी असल्यामुळे ती मला दिसते. मधून जाणाऱ्याला दिसत नाही, आणि दुरुस्तीचे नियोजन करणारे बहुतेक जण मधूनच जाणारे असतात. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे, असे मी म्हणत नाही. पण ज्यांना दिसत नाही त्यांना दाखवून देणे, हे ज्यांना दिसते त्यांचे काम आहे.

हिवाळ्यातील एक अडचण मात्र अशी आहे की, तिच्यावर दिवे लावून किंवा रस्ता झाडून उपाय होत नाही, आणि ती लपवणे मला योग्य वाटत नाही. स्थिर, थंड रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच राहते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. मग धूर आणि धूळ वर जाऊ शकत नाहीत आणि सकाळी ऊन चांगले वर येईपर्यंत रस्त्याच्या पातळीवरच कोंडून राहतात. पॅडल मारणारा माणूस बसलेल्या माणसाच्या दुपटीहून अधिक हवा आत घेतो. अशा दिवशी मी हमरस्ता सोडून दीड किलोमीटर लांब पडणाऱ्या आतल्या गल्ल्यांतून सावकाश जाते, कारण वाहनांच्या थेट मागून बाजूला झाल्याने फरक पडतो. आणि धूर घशाला लागण्याइतका असेल तर सायकल घरी ठेवते. हिवाळ्यातले असे काही दिवस सायकल सोडावी लागली तर तो पराभव समजू नये. पण असा धूर ज्या वाहनांमुळे वाढतो, त्यांची संख्या त्याच दिवशी सायकल सोडणाऱ्यांमुळे आणखी वाढते, ही गोष्ट मला दर वेळी टोचते.

कामाच्या ठिकाणांविषयीही दोन शब्द लिहायचे आहेत. अनेक ठिकाणी मोटारींना छत असते आणि सायकलींचा स्टँड उघड्यावर, इमारतीच्या मागे, जिथे दिवाही नसतो, अशा जागी असतो. हिवाळ्यात संध्याकाळी परत निघताना सीटवर दव साचलेले असते, कुलूप गार पडून किल्ली फिरत नाही, आणि मोबाइलचा उजेड दातांत धरून चेन पाहावी लागते. एक पत्र्याचे छप्पर, एक दिवा, आणि आत ओले हातमोजे वाळत घालायला व शर्ट बदलायला एक लहानशी खोली, यापेक्षा अधिक काही लागत नाही. ज्या आस्थापनांना शक्य आहे त्यांनी हिवाळ्याचे तीन महिने सायकलने येणाऱ्यांना अर्ध्या तासाची सवलत द्यावी, अशी माझी विनंती आहे. वर सांगितलेल्या माझ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत या सवलतीसाठी एका अर्जापलीकडे काहीही लागले नाही आणि कामाचा एक मिनिटही बुडाला नाही.

रस्त्याच्या बाबतीत मी माझ्यापुरते जे केले ते सांगून हे पत्र संपवते, कारण इतरांनाही ते करता येईल. गेल्या हिवाळ्यात चार संध्याकाळी मी परतीच्या वाटेवर प्रत्येक बंद दिव्याखाली थांबले. खांबावर रंगाने लिहिलेला क्रमांक धुळीने झाकलेला असतो, तो हातमोज्याने पुसला की वाचता येतो. असे १४ क्रमांक मी वहीत उतरवले, प्रत्येकापुढे जवळची खूण लिहिली आणि रस्त्यावरच्या दिव्यांची जबाबदारी असलेल्या कार्यालयात अर्ज दिला. ‘त्या भागात दिवे बंद असतात’ अशी मोघम तक्रार तेथे पूर्वी दोनदा दिली होती आणि तिचे काहीच झाले नव्हते. खांबांच्या क्रमांकांचा अर्ज मात्र घेणाऱ्याने वाचला आणि पोचही दिली. आपल्या वाचकांपैकी जे सायकलने कामावर जातात, त्यांनी आपापल्या वाटेवर असेच क्रमांक टिपून द्यावेत, आणि आपल्या वृत्तपत्राने या तीन महिन्यांत अशा नोंदींसाठी आठवड्यातून एकदा थोडी जागा द्यावी, ही विनंती. माझ्या यादीतील १४ दिव्यांपैकी ५ दिवे महिनाभरात लागले. उरलेले ९ अजून बंद आहेत आणि त्यांतले ६ पुलाच्या त्याच उतारावर आहेत.

आपली,
सायकलने कामावर जाणारी एक वाचक